घरचें मांजर : त्याच्या खोडी व त्यांचा बंदोबस्त

शेतकऱ्याच्या घरीं बैलास, म्हशीस व कोंबडीस जो मान आहे तो मांजरास नाहीं. बैल लंगडूं लागला तर आपण रात्रीं-अपरात्रीं गुरांच्या दवाखान्याकडे धांवतों. मांजर दोन दिवस जेवलें नाहीं तर तें कोणाच्या लक्षांतहि येत नाहीं. न मागतां आलेलें, दावणीस न बांधलेलें व हिशेबांत कोठेंहि न धरलेलें असें हें जनावर. त्यासाठीं या मासिकाचीं पानें कां खर्च करावीं, असें पुष्कळ वाचकांस वाटेल. त्यांस माझें इतकेंच सांगणें कीं, ज्या घरांत कणगी व पोतीं आहेत त्या घरांत मांजर हा पहारेकरी आहे; आणि पहारेकरी बिघडला तर तो कां बिघडला याची चौकशी मालकानें केली पाहिजे.

प्रस्तुत लेखकाचें आयुष्य महसूल खात्याच्या कचेरींत कारकुनी करण्यांत गेलें. तेथें शिकलेला एक नियम या विषयास लागू पडतो. तो असा कीं, जागेवर जाऊन पंचनामा केल्यावांचून निकाल देऊं नये. हा नियम मीं स्वतःच्या घरांत मोडला. त्याची हकीकत प्रथम सांगतों.

एका बोक्याची हकीकत

नोकरींतून मोकळा होऊन मी गांवच्या घरीं राहावयास आलों, तेव्हां घरांत करड्या रंगाचा चार वर्षांचा एक बोका होता. त्यानें घरांत कधींहि घाण केली नव्हती. शाळूची रास घरीं येऊन माजघरांत पोतीं रचलीं गेलीं, आणि त्याच सुमारास हा बोका पोत्यांशेजारीं बसून थेंब थेंब लघवी करूं लागला. तेथून उठे तो अंथरुणावर बसे. तेथून हांकलला कीं कोनाड्याखालीं बसे. आतां धान्य नासणार, अशी घरांतील मंडळींनीं तक्रार केली. मीं त्यास दोन वेळां काठीनें मारिलें व तिसऱ्या वेळीं गोठ्यांत कोंडून घातलें. गव्हाणीखालीं बसून तो रात्रभर ओरडत होता. रागानें ओरडत असेल, दोन दिवसांत वळणावर येईल, असें मी म्हणालों. तिसऱ्या दिवशीं पहांटें धार काढावयास गेलेल्या सुनेस तो कडब्याच्या पेंढ्यांजवळ मरून पडलेला दिसला.

पुढें म्हशीस लस टोंचावयास डॉक्टर आले असतां सहज ही गोष्ट निघाली. त्यांनीं विचारिलें, “थेंब थेंब करीत होता काय? पुनःपुन्हां बसत होता काय? मागचा भाग चाटत होता काय?” तिन्ही प्रश्नांस माझें उत्तर ‘होय’ असेंच होतें. बोक्याची मूत्रनळी अरुंद असते. तींत बारीक खडे अगर चिकट द्रव्य अडकून लघवी तुंबते. ती पूर्ण तुंबली तर एक ते तीन दिवसांत अंगांत विष भिनून जनावर मरतें. पहिल्याच दिवशीं दवाखान्यांत नेलें असतें तर नळी घालून लघवी मोकळी करतां आली असती. मीं निकाल पहिल्या दिवशीं दिला होता, आणि पंचनामा तो मेल्यावर झाला.

तेव्हांपासून या जनावराविषयीं जें वाचावयास मिळालें तें मीं वाचलें, जाणत्यांस विचारलें व घरीं पडताळून पाहिलें. त्याचा सारांश शेतकरी बंधूंपुढें ठेवीत आहें.

मांजर आपल्या घरीं कसें आलें

घरमांजराचा मूळ पुरुष म्हणजे आफ्रिका व पश्चिम आशिया येथील रानमांजर, ज्यास शास्त्रांत ‘फेलिस लिबिका’ म्हणतात. मनुष्य धान्य पेरून सांठवूं लागला, सांठ्याकडे उंदीर आले व उंदरांमागोमाग मांजर आलें. सायप्रस बेटावर शिल्लूरोकांबोस येथें एका मनुष्याच्या प्रेताशेजारीं पुरलेलें मांजर उत्खननांत सांपडलें. हें दफन सुमारें ९,५०० वर्षांपूर्वींचें असल्याचें २००४ सालीं प्रसिद्ध झालें. त्या बेटावर मूळचीं मांजरें नव्हतीं. तेव्हां तें नावेंतून माणसानेंच नेलें असलें पाहिजे. मांजर व शेती यांचा संबंध इतका जुना आहे.

तथापि बैल व कुत्रा यांस माणसानें निवडून निवडून कामास जुंपलें, तसें मांजरास केलें नाहीं. कुत्रा कळपाचा प्राणी, म्हणून तो म्होरक्याचा हुकूम जाणतो. मांजराचा पूर्वज एकट्यानें शिकार करणारा होता. त्याच्या मनांत हुकूम नसून हद्द असते : ही जागा माझी, ही वाट माझी, हा वास माझा. आपली वहिवाट मोडली कीं तें बेचैन होतें. त्याच्या बहुतेक खोडींचें मूळ तीन गोष्टींत सांपडतें : दुखणें, भीति, अगर त्याच्या स्वभावास लागणारी एखादी वस्तु घरांत नसणें. द्वेषानें किंवा सूड म्हणून मांजर कांहीं करीत नाहीं.

चौकशी कशी करावी

खोड दिसली कीं प्रथम पुढील पांच प्रश्नांचीं उत्तरें शोधावीं. खोड केव्हांपासून लागली? नेमक्या कोणत्या जागीं घडते? कोणत्या वेळीं घडते? त्याच सुमारास घरांत काय बदललें — नवें मांजर, कुत्रें, तान्हें मूल, बांधकाम, पोत्यांची जागा? आणि मांजराचें खाणें, पिणें, शौच व चाल पूर्वींप्रमाणें आहे काय? हीं उत्तरें आठ दिवस एका वहींत टिपून ठेवावीं. निम्म्या खोडींचें कारण त्या वहींतच दिसून येतें. पांचव्या प्रश्नाचें उत्तर ‘नाहीं’ असें आलें तर पुढील सर्व उपाय बाजूस ठेवून प्रथम दवाखाना गांठावा. आणि बोका वारंवार बसूनहि लघवी होत नसेल तर उद्यांची वाट पाहूं नये.

घरांत घाण करणें

ही तक्रार सर्वांत मोठी, आणि तींत दोन भिन्न गोष्टी एकत्र मिसळलेल्या असतात. त्या आधीं वेगळ्या कराव्या.

पहिली फवारणी. मांजर उभें राहतें, शेपटी ताठ वर करून थरथरवितें व भिंतीवर, खांबावर अगर पोत्याच्या उभ्या बाजूवर थोडीशी लघवी उडवितें. हें शौच नव्हे. हद्दीचा दगड पुरणें आहे. बाहेरचा बोका अंगणांत येऊं लागला अगर घरांत मांजरें अधिक झालीं कीं ही संवय लागते. वयांत येण्यापूर्वीं बोक्यास खच्ची करणें हा यावरील मुख्य उपाय होय. तसें केल्यावर सुमारें दहांपैकीं एकच बोका पुढें फवारणी करितो; भाट्यांत हें प्रमाण विसांत एक असें आढळलें आहे. मोठ्या बोक्यास खच्ची केल्यानेंहि बहुतेक वेळां ही संवय सुटते. शिवाय परका बोका ज्या खिडकींतून दिसतो ती कांहीं दिवस झांकून ठेवावी.

दुसरी गोष्ट म्हणजे बसून, आडव्या जागेवर लघवी अगर शौच करणें. दुखणें नाहीं अशी खात्री झाल्यावर येथें एकच प्रश्न विचारावा : मांजराची पूर्वींची जागा कोठें गेली?

याचें उदाहरण सांगतों. गेल्या मार्गशीर्षांत आमच्या शेजारचे एक वृद्ध शेतकरी सकाळीं हातांत गोणपाटाची पिशवी घेऊन नदीकडे चालले होते. पिशवींत कांहींतरी हालत होतें. मीं विचारल्यावर म्हणाले, “काय सांगू भाऊसाहेब, भुईमुगाच्या ढिगात रोज घाण करतंया. नदीपल्याड सोडून येतो.” मी म्हणालों, “काका, जरा ओट्यावर बसा. आधीं पंचनामा करूं.” ते हंसून म्हणाले, “मांजराला बी पंचनामा लागतो व्हय?”

मी त्यांच्या घरीं गेलों. मांजर तीन वर्षांचें, खातें-पितें, अंगानें भरलेलें होतें. खोड दिवाळीनंतर लागलेली. दिवाळीपूर्वीं घरांत काय बदललें असें विचारतां सूनबाईंनीं सांगितलें कीं, परसांतील चूल मोडून गॅसची शेगडी घेतली व परसांत कोबा केला. तेव्हां उलगडा झाला. चुलीमागें राखेचा ढीग असे व त्यापुढें मऊ माती. मांजर तेथें उकरून शौचास बसे व तें झांकून टाकी. चूल गेली तशी राख गेली, आणि कोब्यामुळें माती गेली. घरांत उकरतां येईल अशी एकच जागा उरली, ती म्हणजे भुईमुगाचा ढीग. मांजरानें संवय बदललीच नव्हती. तिची जागा आपण बुजविली होती.

उपाय असा केला. एका रुंद जुन्या घमेल्यांत चाळलेली बारीक वाळू चार बोटें भरून तें परसांतील आडोशास, पूर्वींच्या चुलीच्या जागेजवळ ठेविलें. त्यांत मांजराच्या घाणीचा वास असलेली चिमूटभर माती मिसळली. भुईमुगाच्या ढिगावर ताडपत्री घातली. चौथ्या दिवशीं मांजर घमेल्यांत जाऊं लागलें व आठव्या दिवसापासून ढिगाकडे फिरकलें नाहीं. खर्च कांहीं झाला नाहीं.

घमेल्यासंबंधीं चार नियम ध्यानांत ठेवावे. जितकीं मांजरें त्यांपेक्षां एक घमेलें अधिक असावें. जेवणाच्या व पाण्याच्या जागेजवळ तें ठेवूं नये. जागा आडोशाची असावी, पण मांजर कोंडींत सांपडेल अशी नसावी. गिरणीच्या अगर पंपाच्या आवाजाजवळ ठेविलेल्या घमेल्यांत भित्रें मांजर जात नाहीं. घाण रोज काढावी व वाळू वरचेवर बदलावी.

ज्या जागीं घाण झाली ती धुतांना फिनेल वापरूं नये. फिनेल मांजरास विषारी आहे. पायास लागलेलें तें चाटून पोटांत घेतें. अमोनियासारखा उग्र वास असलेलीं द्रव्येंहि नकोत, कारण तो वास लघवीच्या वासाशीं जुळून मांजरास तेथेंच पुन्हां बोलावतो. कपडे धुण्याची पावडर कोमट पाण्यांत कालवून जागा दोन-तीन वेळां धुवावी व शक्य तर उन्हांत वाळवावी.

रोज घाण काढण्याचें आणखी एक कारण आहे, तें शेतकऱ्यानें विशेष जाणावें. मांजराच्या विष्ठेंतून ‘टॉक्सोप्लाझ्मा’ नांवाचा सूक्ष्म परजीवी बाहेर पडूं शकतो. तो बाहेर पडल्यावर एक ते पांच दिवसांनीं बाधक होतो. म्हणून त्याच दिवशीं काढलेल्या घाणीपासून हा धोका राहात नाहीं. गरोदर स्त्रीस त्याची बाधा झाली तर गर्भास अपाय होतो, आणि शेळ्या-मेंढ्यांच्या चाऱ्यांत अगर दाण्यांत ही घाण गेली तर त्या गाभडतात. म्हणून गरोदर स्त्रीनें घमेलें साफ करूं नये, आणि चाऱ्याची गंज व आंबोणाचीं पिंपें झांकलेलीं असावीं.

नखें घासणें

मांजर पोत्यांवर, दारावर अगर गादीवर नखें घासतें तें धार लावण्यासाठींच नव्हे. जुन्या नखावरील पापुद्रा त्यामुळें निघतो, अंग ताणलें जातें, आणि पंज्यांतील ग्रंथींचा वास तेथें लागून हद्दीची खूण होते. ही संवय मोडत नाहीं. ती फक्त दुसरीकडे वळवितां येते. मांजर पूर्ण ताणून उभें राहील इतका, सुमारें दोन हात उंचीचा, लांकडी ओंडका घ्यावा. त्यावर काथ्याची दोरी घट्ट गुंडाळावी अगर गोणपाट ठोकावें, आणि तो हलणार नाहीं असा मांजराच्या झोंपण्याच्या जागेजवळ उभा करावा, कारण झोंपेंतून उठल्यावर मांजर प्रथम ताण देतें. शेतांत ‘खोकली’ नांवाचें तण उगवतें. त्याचें मूळ उपटलें कीं त्याच्या वासानें मांजर लोळूं लागतें, हें पुष्कळांनीं पाहिलें असेल. तें मूळ ओंडक्यावर चोळावें. ज्या वस्तूवर नखें नकोत तीवर कांहीं दिवस गुळगुळीत प्लॅस्टिक बांधून ठेवावें. नखें उपटविण्याचा विचार मात्र कोणी मनांत आणूं नये. त्यांत बोटाचें शेवटचें पेर तोडावें लागतें.

चावणें व ओरबाडणें

मांजर एकाएकीं चावलें, असें आपण म्हणतों. बहुतेक वेळां त्यानें आधीं सूचना दिलेली असते व ती आपण वाचलेली नसते. शेपटी ताठ उभी ठेवून येणारें मांजर स्नेहानें येतें. शेपटीचा फटकारा सुरू झाला, कान बाजूस अगर मागें पडले, पाठीची कातडी थरथरली कीं तें ‘पुरे’ असें सांगतें. त्याच क्षणीं हात काढून घ्यावा. गालांवर व हनुवटीखालीं खाजविलेलें मांजरास आवडतें. पोटावर हात लाविलेला बहुतेक मांजरांस खपत नाहीं. गुरगुर म्हणजे नेहमींच समाधान असेंहि नाहीं. दुखण्यांतहि मांजर गुरगुरतें.

चावण्याचीं आणखी तीन कारणें आहेत. पिलूपणीं हातापायांशीं खेळविलेलें मांजर मोठेपणींहि हात हीच शिकार समजतें; म्हणून खेळ दोरीस बांधलेल्या चिंधीशीं खेळवावा, हाताशीं नव्हे. दुसरें असें कीं, बाहेर परका बोका पाहून खवळलेलें मांजर जवळ येईल त्यास ओरबाडतें; अशा वेळीं त्यास उचलूं नये, अंधाऱ्या शांत खोलींत तासभर एकटें सोडावें. तिसरें कारण दुखणें. एरवीं शांत असलेलें मांजर हात लावतांच चावूं लागलें तर त्या जागीं गळूं, जखम अगर दांतांचें दुखणें आहे काय तें पाहवावें.

माणसाविषयींचा विश्वास पिलाच्या दुसऱ्या ते सातव्या आठवड्यांत जडतो. त्या काळांत रोज थोडा वेळ दोन-चार निरनिराळ्या माणसांनीं पिलास हातांत घेतलें तर तें जन्मभर माणसाळतें. माळवदावर व्यालेल्या भाटीचीं पिलें तीन महिन्यांनीं खालीं उतरतात व मग हातीं लागत नाहींत, याचें कारण हेंच होय. तथापि पिलास आईपासून आठ आठवड्यांपूर्वीं तोडूं नये. बारा आठवडे ठेविल्यास उत्तम.

मांजर चावलें अगर ओरबाडलें तर जखम वाहत्या पाण्याखालीं साबणानें पंधरा मिनिटें धुवावी व त्याच दिवशीं दवाखान्यांत जाऊन रेबीजची लस घ्यावी. हळद, चुना, मिरची भरण्यांत वेळ घालवूं नये. मांजरासहि तिसऱ्या महिन्यापासून ही लस टोंचून घ्यावी व डॉक्टर सांगतील तेव्हां पुन्हां टोंचावी.

चोरी व आहार

दुधाचें शिंकें ही वस्तु आपल्या पूर्वजांनीं मांजराचा स्वभाव ओळखूनच योजिली. उघडें ठेविलेलें तें खावें, हा मांजराच्या लेखीं गुन्हाच नाहीं. झांकण व फडताळ यांनीं जी गोष्ट होते ती काठीनें होत नाहीं. परंतु चोरीमागें पुष्कळदां खरी भूकहि असते. आपण मांजरास दूध-भाकरी अगर ताक-भात घालतों व पोट भरलें असें समजतों. मांजर हें केवळ मांसावर जगण्यासाठीं घडलेलें जनावर आहे. ‘टॉरीन’ नांवाचें एक द्रव्य त्यास प्राणिज अन्नांतूनच घ्यावें लागतें. तें कमी पडलें तर डोळ्यांचा पडदा नासतो हें १९७५ सालीं, व हृदय दुबळें होतें हें १९८७ सालीं सिद्ध झालें. शेतांत उंदीर मारणाऱ्या मांजरास तें उंदरांतून मिळतें. दारें बंद असलेल्या घरांतील मांजरास मिळत नाहीं. अशास उकडलेलें अंडें, कांटा काढलेली मासळी, कोंबडीचें काळीज व मांस थोडथोडें द्यावें. शाकाहारी घरानें बाजारांत मिळणारें मांजराचें तयार खाद्य द्यावें. मोठ्या मांजरास दूध पुष्कळदां पचत नाहीं व त्यामुळें पातळ जुलाब होतात. कांदा व लसूण मांजराच्या रक्तास विषारी आहेत, तेव्हां रश्श्यांत कालवलेली भाकरी देऊं नये. ताप आला म्हणून माणसाची पॅरासिटामॉलची गोळी तर मुळींच देऊं नये. एका गोळीनेंहि मांजर मरतें. स्वच्छ पाण्याचें पसरट भांडें नेहमीं भरलेलें असावें. लघवीच्या विकारांस यानें पुष्कळ आळा बसतो.

शिकार : कामाची व नुकसानीची

उपाशी मांजर जास्त उंदीर मारतें, ही समजूत चुकीची आहे. शिकारीची ऊर्मि भुकेपासून वेगळी आहे. पोट भरलेलें मांजरहि शिकार करितें व नेटानें करितें. उपाशी मांजर मात्र घर सोडून दुसरीकडे जातें. इंग्लंडांत चार्ल्स एल्टन यांनीं शेतवाड्यांवर पाहणी करून १९५३ सालीं लिहिलें कीं, आधीं घुशी-उंदीर काढून टाकले व मग तेथें मांजरें खाऊं घालून ठेविलीं तर तीं नवे उंदीर वसूं देत नाहींत. पण आधींच माजलेली वसाहत केवळ मांजरांच्यानें हटत नाहीं. अमेरिकेंत न्यूयॉर्क येथें ७९ दिवस कॅमेरे लावून केलेल्या व २०१८ सालीं प्रसिद्ध झालेल्या पाहणींत मांजरांनीं मोठे उंदीर दोनच मारलेले दिसले. म्हणजे घरउंदीर व उंदरांचीं पिलें हा मांजराचा प्रांत. मोठी घूस ही सापळ्याची व पक्क्या कोठाराची बाब. ब्रोमॅडिओलोनसारखें विष घातलें असेल तर विष खाल्लेला उंदीर मांजरानें खाऊन मांजरहि मरतें. म्हणून ज्या हंगामांत विष घालावयाचें त्या हंगामांत मांजर आवरून ठेवावें व मेलेले उंदीर रोज वेंचून पुरावे.

कोंबडीचीं पिलें धरणें ही याच ऊर्मीची दुसरी बाजू. पिलें मोठीं होईपर्यंत तीं डालग्याखालीं अगर जाळीच्या खुराड्यांत ठेवणें हाच खात्रीचा उपाय. मांजराची ऊर्मि कमी करावयाची तर २०२१ सालीं इंग्लंडांतील एक्सेटर विद्यापीठानें प्रसिद्ध केलेला प्रयोग उपयोगी आहे : भरपूर मांसयुक्त खाद्य दिल्यानें मांजरांनीं घरीं आणिलेली शिकार ३६ टक्क्यांनीं, व रोज पांच-दहा मिनिटें दोरी-पिसाशीं खेळविल्यानें २५ टक्क्यांनीं कमी झाली. त्याच प्रयोगांत गळ्यांतील घुंगरानें विशेष फरक पडला नाहीं. मांजराच्या गळ्यांत घंटा कोणी बांधावी हा उंदरांचा वाद अशा रीतीनें निकालांत निघाला, असें म्हणण्यास हरकत नाहीं.

रात्रींचें ओरडणें व भांडणें

माजावर आलेली भाटी रात्रभर ओरडते, व तिच्यामागें गांवचे बोके ओट्यावर भांडतात. भाटी चार-पांच महिन्यांची होतांच माजावर येऊं शकते व नऊ आठवड्यांत विते. म्हणून पांचव्या महिन्याच्या सुमारास भाटीची शस्त्रक्रिया व बोक्याचें खच्चीकरण करून घ्यावें. खच्ची केलेला बोका उंदीर मारीत नाहीं, ही भीति निराधार आहे. तो फक्त भटकणें, भांडणें व फवारणें कमी करितो. म्हातारें मांजर रात्रीं विनाकारण ओरडूं लागलें तर तेंहि दुखण्याचें लक्षण असूं शकतें. नवें मांजर आणिल्यास दोघांस एकदम समोरासमोर सोडूं नये. नव्यास आठ दिवस वेगळ्या खोलींत ठेवावें, एकाचें अंग पुसलेलें फडकें दुसऱ्याच्या जेवणाजवळ ठेवावें व मग दाराच्या फटींतून एकमेकांस दाखवावें. प्रत्येकाचें ताट, पाणी व झोंपण्याची जागा वेगळी असली तर निम्मीं भांडणें होतच नाहींत.

शिक्षेविषयीं

घाणींत नाक घांसणें, काठी मारणें, पाण्यांत बुडविणें हे उपाय गांवोगांव चालतात. यांपासून मांजर काय शिकतें तें पाहावें. घाण केल्यानंतर दहा मिनिटांनीं मार बसला तर मार व घाण यांचा संबंध त्यास लागत नाहीं. मार व माणूस यांचा मात्र लागतो. मग तें माणसासमोर शौचास बसत नाहीं, फडताळामागें जाऊन बसतें, आणि खोड गेली म्हणून आपण ज्यावर समाधान मानतों ती खोड अंधारांत चालूं राहते. दुखण्यामुळें बसणाऱ्या मांजरास मारिलें तर काय होतें तें मीं वर लिहिलेंच आहे. उलट योग्य जागीं बसल्यावर, ओंडक्यावर नखें घासल्यावर लगेच मासळीचा एक तुकडा दिला तर चार दिवसांत तें शिकतें. एखादी गोष्ट जागच्या जागीं थांबवावयाची असेल तर टाळी वाजवावी. त्याहून अधिक कांहीं नको.

सोडून देणें हा उपाय नव्हे

राहतां राहिली नदीपलीकडची गोष्ट. सोडलेलें मांजर एक तर वास घेत परत येतें, नाहीं तर परक्या हद्दींत भांडून, उपाशी राहून मरतें. आणि सोडणाऱ्याच्या घरीं रिकाम्या झालेल्या हद्दींत दुसरें मांजर येतें, तें बहुधा न माणसाळलेलें. शिवाय १९६० च्या प्राणी-क्लेश-प्रतिबंधक कायद्याच्या ११ व्या कलमान्वयें, पाळलेलें जनावर उपासमारीनें अगर तहानेनें हाल होतील अशा स्थितींत वाजवी कारणावांचून टाकून देणें हा गुन्हा आहे. मांजर नकोच असेल तर त्यास दुसरें घर पाहून द्यावें.

आमच्या शेजाऱ्यांचें तें मांजर अद्याप त्यांच्याच घरीं आहे. या वर्षीं रास घरीं आली तेव्हां पोतीं रचण्यापूर्वीं त्यांनीं सुनेस हांक मारून विचारलें, “मांजराचं घमेलं कुठं ठेवलंस? ते आधी बघ, मग पोती लावू.” आमच्या घरींहि आतां एक भाटी आहे. तिच्या घमेल्याजवळ खुंटीस एक लहान वही टांगलेली आहे. सुनेनें तींत रोज दोन शब्द लिहावयाचे असा नेम आहे : खाल्लें, लघवी झाली. करड्या बोक्याच्या वेळीं अशी वही असती तर तिसऱ्या ओळीपर्यंत जाण्याची गरज पडली नसती.